रिकामा सीडी ड्राइव्ह आणि अडलेलं मशीन: स्टोरेज कोडच्या प्रकल्प नोंदी, सांगली

सोमवार, १४ जुलै २०२५

सकाळीच मिरजेच्या पतसंस्थेतून फोन. शनिवारी दुपारी वीज गेली. यूपीएसची बॅटरी उतरत आली तशी आपल्या सर्व्हरने व्हर्च्युअल मशीन (एकाच सर्व्हरवर सॉफ्टवेअरने उभे केलेले वेगवेगळे संगणक) एकेक करून थांबवायला घेतली, पण हिशेबाचं मशीन काही केल्या थांबेना. बॅटरी संपली आणि सगळंच एकदम बंद पडलं. व्यवस्थापक म्हणाले, "साहेब, यूपीएस नवा आहे हो. बाकीची मशीनं गपगुमान बंद झाली, हे एकच अडून बसलं." वीज आल्यावर मशीन डिस्क तपासून सुरू झालं, पण शेवटच्या काही पावत्या कागदाशी ताडून पुन्हा भराव्या लागल्या. शनिवार म्हणजे पिग्मीवाल्यांच्या भरण्याचा दिवस. काउंटरवरच्या बाईंचा रविवार त्यातच गेला.

दुपारी लॉग मागवला. त्यातला फ्लश म्हणजे तात्पुरतं साठलेलं लेखन डिस्कवर पक्कं उतरवणं. कारण दुसऱ्या ओळीतच दिसलं:

फ्लश डिस्क०: ठीक
फ्लश सीडी०: उणे १२३
थांबवणे अयशस्वी, परत प्रयत्न

लिनक्समध्ये १२३ म्हणजे ईनोमीडियम, ड्राइव्हमध्ये मीडियाच नाही. ऑपरेटिंग सिस्टिम बसवताना इन्स्टॉलेशनची इमेज (खऱ्या डिस्कच्या जागी वापरायची फाइल) सीडी ड्राइव्हला लावली होती, काम झाल्यावर काढली, ड्राइव्ह तसाच राहिला. असा रिकामा ड्राइव्ह आपल्या जवळपास प्रत्येक ग्राहकाकडे आहे. मशीन थांबवताना आपला कोड सगळ्या ड्राइव्हना ओळीने फ्लश करतो. रिकाम्या ड्राइव्हने 'मीडिया नाही' म्हटलं, कोडने ते अपयश मानलं आणि स्क्रिप्ट बॅटरी संपेपर्यंत तोच आदेश देत राहिली.

याहून वाईट गोष्ट त्या लॉगमध्ये नसलेल्या ओळीत आहे. डिस्क१ ची ओळच नाही. फ्लशचा लूप (यादीतले ड्राइव्ह एकामागून एक घेणारा कोड) पहिल्या चुकीला बाहेर पडतो. यादीत सीडी दुसरी, हिशेबाचा डेटा असलेली डिस्क तिसरी. म्हणजे ज्या डिस्कसाठी हा सगळा खटाटोप, तिच्यापर्यंत फ्लश पोहोचलाच नाही.

मंगळवार, १५ जुलै

धाकट्या सहकाऱ्याला हे काम सोबत करायला घेतलं आहे. त्याने फ्लश कुठून कुठे जातो ते फळ्यावर काढायला लावलं, ते बरं झालं. इथेही लिहून ठेवतो.

गेस्टमधल्या, म्हणजे व्हर्च्युअल मशीनच्या आतल्या प्रोग्रॅमने एफसिंक (फाइलचं साठलेलं लेखन डिस्कवर उतरव असा आदेश) मागितलं की गेस्टचा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) आधी स्वतःकडचं साठलेलं लिहून काढतो आणि मग ड्राइव्हला फ्लशचा आदेश देतो. ड्राइव्ह जोडण्याची पद्धत आयडीई किंवा साटा असेल तर फ्लश कॅश, हेक्समध्ये ई७, मोठ्या डिस्कसाठी ईए. स्कझी असेल तर सिंक्रोनाइझ कॅश, ३५. व्हर्टआयओ ब्लॉक असेल तर प्रकार ४ ची विनंती. आपलं खोटं हार्डवेअर तो आदेश ब्लॉक लेयरला (डिस्कचं वाचन-लेखन सांभाळणाऱ्या कोडच्या थराला) देतं. तिथून इमेजच्या फॉरमॅटकडे, कारण क्यूकाऊ२ सारख्या फॉरमॅटला आधी स्वतःचे तक्ते फाइलमध्ये उतरवावे लागतात. मग होस्टवर, म्हणजे खऱ्या सर्व्हरवर एफडेटासिंक, मग होस्टचा पेज कॅश (फाइलींचा मेमरीत साठलेला भाग), मग खऱ्या डिस्कच्या पोटातला कॅश. या साखळीत कुठेही 'ठीक' लवकर म्हटलं गेलं तर गेस्टमधला डेटाबेस त्या शब्दावर विसंबून पुढे जातो. वीज गेली की कळतं.

सहकाऱ्याचा समज होता की इमेजच्या कॅशची सेटिंग 'नन' (कॅश नको) ठेवली की फ्लशची गरज नाही. बऱ्याच जणांचा असतो. त्या मोडमध्ये होस्टचा पेज कॅश टाळला जातो एवढंच, डिस्कचा स्वतःचा कॅश राहतोच. फ्लश लागतोच.

आणखी एक. फ्लश हमी देतो ती आधी पूर्ण झालेल्या लेखनाची. जे लेखन अजून वाटेत आहे त्याबद्दल तो काही बोलत नाही. म्हणून थांबवताना आधी चालू विनंत्या संपू द्यायच्या आणि मग फ्लश. आपल्याकडे हा क्रम बरोबर आहे, तपासला.

गुरुवार, १७ जुलै

क्यूएमूचा कोड वाचत बसलो. व्हर्च्युअल मशीन चालवणारा, फाब्रिस बेलार्ड यांनी २००३ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प. मीडिया काढता घालता येण्याच्या भानगडीतून तो आपल्या आधी कितीतरी वर्षं गेला आहे. त्याच्याकडून शिकण्यासारखं खूप आहे, आणि तो कोड सगळ्यांना वाचायला खुला आहे याचं मला आजही अप्रूप वाटतं.

जुन्या क्यूएमूमध्ये सगळं फ्लश करताना अट अशी होती: ड्राइव्ह फक्त वाचण्याचा नसेल, आणि एकतर तो काढता येण्याजोगा नसेल किंवा त्यात मीडिया असेल, तरच फ्लश कर. पुढे २०११ च्या साफसफाईत 'काढता येण्याजोगा आहे का' हा प्रश्नच ब्लॉक लेयरमधून गेला. कारण पटण्यासारखं आहे. तीच इमेज फाइल एका मशीनला डिस्क म्हणून लावता येते, दुसऱ्याला सीडी म्हणून. काढता येणं हा हार्डवेअरचा गुण आहे, फाइलचा नाही. ब्लॉक लेयरने विचारायचं ते एवढंच की आत्ता आत काही आहे का.

आणि त्यांचा लूप चुकीला थांबत नाही. पहिली चूक लक्षात ठेवतो, उरलेल्या ड्राइव्हना फ्लश करतो आणि शेवटी ती चूक परत देतो. हे आजच आपल्या कोडमध्ये घातलं. बाकीचं काही ठरायच्या आधी एवढं तरी ग्राहकांकडे जायला हवं, म्हणून वेगळा पॅच (कोडमधला छोटा बदल) केला. आता रिकाम्या ड्राइव्हमुळे थांबणं अजून अडेल, पण डिस्क१ वरचा डेटा जागेवर बसलेला असेल.

सहकाऱ्याने विचारलं, "दादा, सीडी तर वाचायचीच असते. फक्त वाचायच्या ड्राइव्हला फ्लश नाही, असं केलं की संपलं की!" सीडीपुरतं संपेल. पण फ्लॉपी आणि कार्ड रीडर रिकामे असताना ते लिहिण्याजोगे आहेत की नाहीत हे कोण सांगणार? कार्डावरची खटकी कुठल्या बाजूला आहे हे कार्ड आत आल्याशिवाय कळत नाही. मीडिया नसताना तो प्रश्नच लागू होत नाही. म्हणून आधी 'आहे का', मग 'लिहिता येतं का'.

शनिवार, १९ जुलै

आजचा दिवस एका वादात गेला, आणि तो व्हायलाच हवा होता.

सहकाऱ्याचा पॅच आला. लहान, नीटनेटका. फ्लशच्या अगदी तळाच्या फंक्शनमध्ये एक ओळ: परिणाम ईनोमीडियम असेल तर शून्य परत दे. शनिवारची तक्रार त्याने मिटते, टेस्ट हिरव्या होतात. मी तो परत पाठवला.

पहिलं कारण गेस्टचं. थांबवताना आपण आतल्या आत सगळे ड्राइव्ह फ्लश करतो, तेव्हा रिकामा ड्राइव्ह म्हणजे करायला काही नाही, यशच. पण गेस्टने स्वतः रिकाम्या ड्राइव्हला सिंक्रोनाइझ कॅश पाठवला तर खरा ड्राइव्ह 'तयार नाही' म्हणतो: सेन्स की (चूक कुठल्या प्रकारची ते सांगणारा आकडा) २, अतिरिक्त कोड ३ए, म्हणजे मीडिया नाही. आपणही तेच म्हणायला हवं. गेस्टला वाटत असेल की आत कार्ड आहे आणि आपण 'ठीक' म्हणालो, तर त्याचा गैरसमज आपण पक्का केला.

"मग एकाच प्रश्नाला दोन उत्तरं कशी, दादा?"

प्रश्न दोन आहेत, म्हणून. थांबवताना आपण विचारतो, 'न लिहिलेलं काही शिल्लक आहे का?' रिकाम्या ड्राइव्हचं खरं उत्तर 'नाही'. गेस्ट विचारतो, 'तुझ्याकडे दिलेलं नीट ठेवलंस का?' त्याचं खरं उत्तर 'माझ्याकडे काही नाहीच'. क्यूएमूतही हे दोन थरांत वाटलेलं आहे. हार्डवेअरला जोडलेला वरचा थर मीडिया उपलब्ध नसेल तर ईनोमीडियम देतो. सगळं फ्लश करणारं फंक्शन रिकाम्या ड्राइव्हला अपयश मानत नाही.

दुसरं कारण मला जास्त टोचतं. चुकीचा आकडा बघून 'ड्राइव्ह रिकामा होता' असं ठरवणं. रिकामा आहे हे फ्लशच्या आधी, आपल्या स्वतःच्या नोंदीवरून ठरायला हवं: इमेज जोडली कधी, काढली कधी, कुणी काढली. नंतर आलेल्या आकड्यावरून आधीची अवस्था ओळखायला गेलो तर 'कधी काही नव्हतंच' आणि 'होतं, पण आत्ता कुणीतरी उपटलं' यांतला फरक पुसला जातो. पहिल्यात कुणाचं काही जात नाही. दुसऱ्यात कुणाच्या तरी ठेवीची नोंद जाते.

संध्याकाळी चहाला बसलो तेव्हा तो स्वतःच म्हणाला, अट वरच्या लूपमध्ये नेतो आणि तळाचं फंक्शन जसं आहे तसं ठेवतो. सोमवारी लिहील.

मंगळवार, २२ जुलै

नवा पॅच रिव्ह्यू केला, घेतला. आता थांबवताना लूप प्रत्येक ड्राइव्हची नोंद बघतो. इमेज जोडलेली नसेल तर पुढच्याकडे जातो. जोडलेली असेल तर फ्लश करतो, मग परिणाम काहीही असो, तो जसाच्या तसा वर जातो.

ट्रे उघडा असण्याची अवस्था वेगळी ठेवली. ट्रे उघडा असला तरी इमेज अजून जोडलेली असू शकते. गेस्टच्या दृष्टीने मीडिया उपलब्ध नाही, आपल्या दृष्टीने फाइल उघडी आहे आणि तिच्यात लिहायचं राहिलेलं असू शकतं. म्हणून गेस्टला 'तयार नाही', पण थांबवतानाचा फ्लश होणारच. 'आत आहे' आणि 'वापरता येतं' या दोन गोष्टींसाठी आधी एकच झेंडा होता, आता दोन आहेत. हे झालं नसतं तर उघड्या ट्रेतला बॅकअप गुपचूप सुटला असता.

शुक्रवार, २५ जुलै

आता मीडिया काढण्याचा रस्ता. इथे कोड फारच विखुरलेला होता.

शहाण्या रीतीने काढणं असं: बाहेरून 'काढा' म्हटलं की आधी कुलूप बघायचं. गेस्टने हेक्स १ई चा आदेश देऊन मीडिया अडवून ठेवला असेल तर आपण ओढून काढायचा नाही, गेस्टला विनंती कळवायची. सीडीच्या बाबतीत गेस्ट ४ए या आदेशाने अधूनमधून विचारत असतो, काही घडलं का? त्याला सांगायचं, 'बटण दाबलंय'. मग तो फाइल सिस्टिम सोडतो, साठलेलं लिहितो, फ्लश करतो, कुलूप काढतो आणि १बी ने ट्रे उघडतो. नवीन मीडिया आला की पहिल्या आदेशाला सेन्स की ६, कोड २८: मीडिया बदललेला असू शकतो. गेस्टने जुना कॅश टाकून द्यावा म्हणून.

जबरदस्तीने काढायची सोयही लागते, अडकलेलं गेस्ट ऐकतच नाही तेव्हा. तिथे आपला जुना कोड सरळ फाइल बंद करत होता. आता क्रम असा: चालू विनंत्या संपू द्यायच्या, फ्लश करायचा, तो अपयशी झाला तर ते लॉगमध्ये ठळक लिहून काढणाऱ्याला कळवायचं, मगच बंद. काढणं थांबवायचं नाही, कारण जबरदस्ती मागितलेली आहे. पण जो काढतोय त्याला त्याची किंमत कळली पाहिजे.

मंगळवार, २९ जुलै

आज नागपंचमी. सहकारी बत्तीस शिराळ्याचा, तो गावी गेला आहे. ऑफिसात शांतता, म्हणून खरी यूएसबी काढून बघण्याचे प्रयोग आजच उरकले.

पतसंस्थेत रात्रीचा बॅकअप यूएसबी डिस्कवर जातो. डिस्क होस्टला लावलेली, तिच्यावरची इमेज मशीनला दिलेली. सकाळी शिपाई ती काढून तिजोरीत ठेवतो. एखाद्या सकाळी बॅकअप संपायच्या आत काढली तर?

टेबलावर जुना पेन ड्राइव्ह, त्याचा निळा दिवा लुकलुकतोय, गेस्टमध्ये मोठी फाइल लिहिणं चालू. उपटला. गेस्टमधलं लेखन मात्र पुढे चालूच राहिलं, काही सेकंद अगदी सुखाने, कारण ते होस्टच्या पेज कॅशमध्ये जात होतं. पडद्यावर टक्के वाढताना दिसत होते आणि ड्राइव्ह माझ्या हातात होता. मग गेस्टने फ्लश मागितला आणि एफडेटासिंकने ईआयओ (वाचन-लेखन फसलं) दिलं, आकडा ५. ते गेस्टपर्यंत जसंच्या तसं गेलं. इथपर्यंत बरोबर.

पुढचं बघण्यासाठी फ्लश लगेच पुन्हा मागितला. यावेळी 'ठीक'.

हे होणार हे माहीत होतं, तरी डोळ्यांसमोर बघताना अंगावर काटा आला. लिनक्समध्ये लेखन फसलेली पानं एकदा चूक कळवल्यावर स्वच्छ म्हणून धरली जातात. कर्नल ती पुन्हा लिहायला जात नाही आणि त्याच फाइलच्या पुढच्या एफसिंकला कळवायला काही उरत नाही. २०१८ मध्ये पोस्टग्रे या डेटाबेसच्या मंडळींना हे कळलं तेव्हा केवढी खळबळ उडाली होती. शेवटी त्यांनी एफसिंक फसला तर सर्व्हरच थांबवायचा आणि लॉगवरून पुन्हा उभा करायचा असं ठरवलं. क्यूएमूने वेगळा पण तितकाच कडक मार्ग घेतला: पेज कॅशमधून जाणाऱ्या फाइलचा एकदा फ्लश फसला की त्या फाइलचा पुढचा प्रत्येक फ्लश फसतो. काय डिस्कवर आहे आणि काय नाही हे आता कुणालाच सांगता येत नाही, मग 'ठीक' कसं म्हणायचं?

आपणही तेच केलं. इमेजच्या नोंदीत 'भरवसा गेला' अशी खूण आणि तिच्यासोबत मूळ चुकीचा आकडा. फाइल बंद करून नव्याने जोडेपर्यंत ही खूण पुसली जात नाही.

बुधवार, ३० जुलै

कालच्या खुणेला जोडून अजून एक गोष्ट. प्रत्येक इमेजसोबत दोन क्रमांक ठेवले: लेखन झालं की वाढणारा एक, आणि फ्लश यशस्वी झाला की तो सुरू झाला त्या वेळचा लेखन क्रमांक नोंदवणारा दुसरा. दोन्ही सारखे तर डिस्कपर्यंत जायची गरज नाही, वेळ वाचतो. आपल्याला त्याचा दुसराही उपयोग: डिस्क उपटली गेली आणि क्रमांक वेगळे असतील, तर न लिहिलेलं काही गेलं असू शकतं. सारखे असतील तर सगळं वेळेत बसलं होतं. बॅकअपचा अहवाल आता हे साध्या मराठीत सांगतो: 'डिस्क काढली तेव्हा लेखन अपुरं होतं. हा बॅकअप वापरू नका.' शिपायाला ईआयओ कशाशी खातात ते माहीत असण्याची गरज नाही.

शनिवार, २ ऑगस्ट

टेस्ट लिहिणारी सहकारी तीन दिवस यातच होती. चुका मुद्दाम घडवणारा थर तिने इमेजच्या खाली बसवला, क्यूएमूतल्या ब्लॉकडीबगसारखा: अमुक वेळी फ्लश आला की तमुक चूक दे. रिकामा सीडी, रिकामी फ्लॉपी, उघडा ट्रे आतल्या इमेजसकट, कुलूपबंद मीडिया, फ्लश चालू असतानाच काढलेला मीडिया. शेवटच्यात एक खरा दोष निघाला. फ्लश परत येईपर्यंत इमेजची नोंद मोकळी झालेली, आणि उत्तर मोकळ्या झालेल्या जागेत लिहिलं जात होतं. फ्लश वाटेत असेपर्यंत नोंद धरून ठेवणारा मोजणीचा आकडा घातला. हा दोष एखाद्या ग्राहकाकडे आधीच कधी भेटला असेल, तर तो 'मशीन आपोआप बंद पडलं' या तक्रारीत दडलेला असणार. जुन्या तक्रारी त्या नजरेने पुन्हा बघायला सांगितल्या आहेत.

तिचा अजून एक आग्रह, आणि तो मी मान्य केला: प्रत्येक टेस्टमध्ये रिकामा ड्राइव्ह यादीच्या मधोमध ठेवायचा. शेवटी ठेवला तर लूप अर्धवट सुटल्याचं कळतच नाही.

रविवार, ३ ऑगस्ट

मिरजेला जाऊन पतसंस्थेत नवा कोड चढवला. सुट्टीचा दिवस, शटर अर्धं वर. व्यवस्थापक स्वतः हजर. यूपीएसची मेन काढली आणि बॅटरी उतरायची वाट बघत बसलो. इशारा आला, मशीनं थांबू लागली. हिशेबाच्या मशीनचा लॉग:

फ्लश डिस्क०: ठीक
सीडी०: इमेज नाही, सोडलं
फ्लश डिस्क१: ठीक
थांबवले

मग मुद्दाम बॅकअप चालू असताना यूएसबी काढून अहवाल दाखवला. व्यवस्थापकांनी ती ओळ दोनदा वाचली आणि शिपायाला बोलावून वाचायला लावली.

निघताना ते पुराबद्दल बोलले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, तिथली धोक्याची पातळी ४५ फूट. त्या दिवसांत तळमजल्यावरचा संगणक कसाबसा वरच्या मजल्यावर नेला होता म्हणे. कोयनेतून विसर्ग वाढल्याची बातमी आली की आता ते सर्व्हर आधीच थांबवून वर नेणार. वीज जाईपर्यंत वाट बघायची नाही. तेव्हा आदेश दिला की मशीन हमखास थांबलं पाहिजे आणि थांबलं म्हणाल्यावर सगळं डिस्कवर असलं पाहिजे, एवढीच त्यांची मागणी. रास्त आहे.

बुधवार, ६ ऑगस्ट

सगळ्या ग्राहकांसाठी आवृत्ती काढली. थांबवण्याच्या स्क्रिप्टमध्ये एक बदल राहिला होता तोही घातला: एखाद्या मशीनचा फ्लश खरोखरच फसला तर त्याच्यावर बॅटरी घालवत बसायचं नाही. चूक नोंदवायची, बाकीची मशीनं थांबवायची आणि उरलेल्या वेळात त्याच्याकडे परत यायचं.

शिल्लक: कार्ड रीडर थेट मशीनला देणाऱ्या दोन ग्राहकांकडे आपली नोंद अपुरी पडते, कारण कार्ड घालणं काढणं होस्टला न विचारता होतं. होस्टच्या खऱ्या सीडी ड्राइव्हसाठी क्यूएमू कर्नलला दर वेळी ड्राइव्हची अवस्था विचारतो आणि 'डिस्क ठीक' आलं तरच आत आहे मानतो. कार्ड रीडरसाठी तसाच थेट प्रश्न विचारायचा, पण शेवटच्या उत्तरात कार्ड होतं आणि आत्ता नाही, क्रमांकही वेगळे, तर 'भरवसा गेला' ची खूण लावायची. सहकाऱ्याने हे काम मागून घेतलं आहे. तो सोमवारपासून सुरू करतो.